तिसरे काडतूस

अमेरिकेत बदकांच्या शिकारीसाठी नवी अर्धस्वयंचलित बंदूक विकत घेतली की तिच्याबरोबर एक साधी काडी मिळते. पूर्वी ती लाकडाची असे, आता बहुधा प्लास्टिकची असते. बंदुकीच्या मुख्य नळीखाली काडतुसे साठवण्याची दुसरी नळी असते, तिच्यात ही काडी बसवायची. मग जिथे चार काडतुसे मावली असती तिथे दोनच मावतात. मुख्य नळीत एक तयार असते, ते धरून एकूण तीन. म्हणजे कारखानदाराने एका दमात पाच बार काढणारे यंत्र मोठ्या अकलेने तयार करावयाचे, गिऱ्हाइकाने त्याचे पुरते पैसे मोजावयाचे, आणि त्यातले दोन बार काडी घालून बंद करून ठेवावयाचे! असा उफराटा व्यवहार मी दुसऱ्या कोठल्या धंद्यात पाहिलेला नाही.

दिवाळी अंकात बंदुकीचा विषय निघालेला पाहून काही वाचक नाक मुरडतील. त्यांना आधीच सांगून टाकतो की मी शिकारी नव्हे. बंदूक म्हणून मी आजवर जी हाताळली ती दिवाळीतली टिकल्यांची. पण माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेत मिनेसोटा राज्यात नोकरीला आहे. त्याचा गेल्या उन्हाळ्यात फोन आला. "सर, शेजारचे आजोबा मला शरदात बदकांच्या शिकारीला नेणार म्हणतात. बंदूक माझी मला घ्यायला सांगितलीय. दुकानात पन्नास तऱ्हा आहेत. तुम्ही इतिहासाचे मास्तर, जरा वाचून सांगता का, कुठली कशासाठी निघाली?" क्षणभर मला बरे वाटले नाही. याच मुलाला आणि त्याच्या वर्गाला मी निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यावर नेऊन थापट्या, तलवार बदक आणि चक्रवाक दाखवले होते, तेही चौघांत एक दुर्बीण फिरवून. पण विद्यार्थ्याने प्रश्न विचारला की मास्तराने वाचायला बसावे, हा आमचा धर्म. सुट्टीचे दीड-दोन महिने त्यात गेले, आणि बंदुकीच्या वाटेने मी भलत्याच ठिकाणी जाऊन पोचलो.

आधी यंत्राचे सांगतो. टिकल्यांचे साधे पिस्तूल घ्या. एक टिकली ठेवावी, वाजवावी, पुन्हा दुसरी ठेवावी. जुनी एकनळी बंदूक म्हणजे हेच. दोन नळ्यांची जोडबंदूक म्हणजे दोन टिकल्यांची सोय. पुढे टिकल्यांच्या गुंडाळीचे पिस्तूल निघाले. चाप ओढला की गुंडाळी आपोआप एक घर पुढे सरकते, पण तिला सरकवते ते पोराच्या बोटाचेच बळ. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाला अमेरिकेत ज्या अनेक-बारी बंदुका निघाल्या त्या या जातीच्या होत्या. हाताने दांडा मागेपुढे ओढावयाचा, की रिकामे काडतूस बाहेर पडे आणि भरलेले आत येई. आता बोटाचे किंवा हाताचे बळ न लागता बाराच्याच जोराने हे सगळे झाले तर? चाप मात्र दर बाराला नव्याने ओढावा लागतो, म्हणून हिला अर्धस्वयंचलित म्हणावयाचे.

हे प्रथम नीट जमवले ते जॉन मोझेस ब्राउनिंग या गृहस्थाने. जन्म १८५५ सालचा, युटा प्रांतातल्या ऑग्डेन गावचा. बाप जोनाथन बंदुका दुरुस्त करणारा, पंथाने मॉर्मन, बायका तीन आणि मुले बावीस. एवढ्या खटल्यात मुलाचे शिकणे दुकानातच झाले. पंचविशी गाठण्याआधीच त्याने एका रायफलीचे पेटंट मिळवले. १८८३ साली विंचेस्टर कंपनीचे बेनेट साहेब ती पाहून थेट ऑग्डेनला आले आणि ८००० डॉलरला हक्क विकत घेऊन गेले. तेथून सुमारे वीस वर्षे ब्राउनिंगने बंदूक काढावी आणि विंचेस्टरने रोख पैसे देऊन ती विकत घ्यावी, असा परिपाठ पडला. काही तर कंपनीने नुसत्या कपाटात ठेवण्यासाठी घेतल्या, दुसऱ्याच्या हाती लागू नयेत म्हणून.

१८८९ साली नेमबाजी चालू असता बार झाला की नळीच्या तोंडापुढचे गवत वाकते, हे त्याने पाहिले असे सांगतात. गवत आपण सगळ्यांनीच वाकलेले पाहिले असेल. या माणसाला त्यात फुकट चाललेले बळ दिसले. त्यातून त्याची स्वयंचलित शस्त्रे निघाली, आणि पुढे दोन महायुद्धांत त्यांनी काय केले ते सर्वांना ठाऊक आहे. पण त्याला स्वतःला सर्वांत अवघड गेली ती छऱ्यांची बंदूक. कारण उघड आहे. रायफलीची गोळी व दारू ठरलेली असते, छऱ्यांचे काडतूस मात्र हलके असते, भारी असते, त्या काळी पुठ्ठ्याचे असे, ओलीने फुगे. असली नाना प्रकृतीची काडतुसे एकाच यंत्राने पचवावयाची होती.

त्याने युक्ती अशी केली. बार होताच नळी आणि तिचे मागचे तोंड बंद करणारा बोल्ट, ही दोन्ही एकमेकांना धरून काडतुसाच्या लांबीहून जास्त मागे येतात. मग नळी एकटी पुढे जाते, बोल्ट मागे अडकून राहतो, आणि त्या फटीतून रिकामे काडतूस बाहेर उडते. खालून भरलेले वर येते, बोल्ट पुढे धावतो, बंदूक तयार. मागे येणाऱ्या नळीला आवर घालण्यासाठी आत एक स्प्रिंग आणि एक पोलादी कडी. काडतूस भारी असेल तर कडी स्प्रिंगच्या पुढे ठेवावी, हलके असेल तर मागे. ज्याने हलक्याची कडी ठेवून भारी काडतुसे उडवली त्याच्या खांद्याला दणका बसे, आणि पुढचे लाकूड एके दिवशी तडकून हातात येई. म्हणजे बंदूक निवडण्याइतकीच कडी निवडणेही महत्त्वाचे होते. हिच्या पेटीचा मागचा भाग चौकोनी, उभा. म्हणून शिकारी तिला लाडाने कुबडी म्हणू लागले.

या बंदुकीचे पेटंट ९ ऑक्टोबर १९०० रोजी मिळाले. ब्राउनिंगला माहीत होते की आपल्या हातून झालेले हे मोठे काम आहे. या वेळी त्याने एकरकमी विक्री नाकारली आणि दर बंदुकीमागे हिस्सा मागितला. बेनेट साहेब अशा मागणीला कधी राजी झाले नव्हते, आताही झाले नाहीत. वीस वर्षांचा घरोबा एका बैठकीत संपला. ब्राउनिंग रेमिंग्टनकडे गेला. तारीख ८ जानेवारी १९०२. तो बाहेरच्या दालनात भेटीची वाट पाहत बसला असतानाच कळले की कंपनीचे अध्यक्ष मार्सेलस हार्टली हृदयविकाराने वारले. कादंबरीत मी असा प्रसंग घातला असता तर संपादकांनी तो योगायोगाचा अतिरेक म्हणून खोडला असता. ब्राउनिंगने आगबोट धरली, बेल्जियममधल्या एर्स्ताल गावी फाब्रिक नॅशनाल या कारखान्याशी करार केला, आणि स्वतःच पहिल्या दहा हजार बंदुकांची मागणी नोंदवली. १९०३ पासून बंदुका निघू लागल्या. १९०५ साली रेमिंग्टननेही परवाना घेऊन अमेरिकेत त्या काढल्या.

विंचेस्टरची गंमत पुढे झाली. त्यांना तशीच बंदूक हवी होती, पण ब्राउनिंगचे पेटंट आडवे आले. बोल्ट मागे ओढण्याची मूठसुद्धा त्यात बांधलेली होती. म्हणून १९११ साली त्यांनी जी बंदूक काढली तिला मूठच ठेवली नाही. भरताना नळी हाताने धरून मागे ढकलावी लागे. काडतूस फुगून आत अडकले की काही शिकारी दस्ता जमिनीला टेकवून नळी वरून दाबत. अशा वेळी बार सुटला तर तो कोणाकडे जाणार हे सांगावयास नको. पुढे या बंदुकीला बायकांना विधवा करणारी असे नाव पडले. १९२५ साली ती बंद झाली.

इतके वाचून होईपर्यंत मी या साऱ्याकडे एका हुशार कारागिराची कथा म्हणून पाहत होतो. मग मला त्याच १९०० सालातली दुसरी तारीख भेटली. ब्राउनिंगला पेटंट मिळण्याच्या साडेचार महिने आधी, २५ मे रोजी, अमेरिकेत लेसी कायदा झाला. आयोवा राज्याचे प्रतिनिधी जॉन लेसी यांनी तो आणला. एका राज्यात कायदा मोडून मारलेला पशुपक्षी दुसऱ्या राज्यात विक्रीला नेणे हा गुन्हा ठरला. हा कायदा का करावा लागला हे समजल्यावाचून पुढची बंदूक समजत नाही.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर चेसापीक नावाची लांबलचक खाडी आहे. तिच्या डोक्याशी सस्क्वेहाना नदी मिळते, तेथील उथळ पाण्यात एक प्रकारचे शेवाळी गवत उगवे. कॅनव्हासबॅक नावाचे तांबड्या डोक्याचे बदक हे गवत खाऊन पुष्ट होई, आणि बाल्टिमोर, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क येथील बड्या हॉटेलांत त्याच्या मांसाला सोन्याचा भाव येई. कासवाचा रस्सा आणि हे बदक म्हणजे मेरीलँडची शाही पंगत. आपल्याकडे हापूसच्या पेट्या जातात तशी पिंपे भरभरून बदके आगगाडीने जात. ती मारणारे हौशी नव्हते, पोटावर शिकार करणारे कोळी-नावाडी होते. त्यांची हत्यारे पाहण्याजोगी. एक तर होडीच्या नाकावर बसवलेली आठ-दहा फूट लांबीची बंदूक, तोफच म्हणा ना. रात्री निजलेल्या थव्याजवळ हळूच वल्हवत जायचे आणि एका बारात रतल-दीड रतल शिसे ओतायचे. दुसरे म्हणजे पाण्यात बुडवलेली लाकडी पेटी. तीत माणूस शवपेटीतल्यासारखा उताणा पडे, भोवती शेकडो लाकडी बदके तरंगत. वरून येणाऱ्याला दिसे ते फक्त पाणी आणि आपले भाईबंद.

अशा माणसांच्या हाती आता पाच बारांची बंदूक आली. तिचे भय ज्यांना वाटले त्यांत न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयाचे संचालक विल्यम हॉर्नाडे हे सर्वांत मोठ्या आवाजाचे. हे गृहस्थ आपल्याला अगदीच परके नव्हेत. तरुणपणी, १८७६ नंतर, संग्रहालयांसाठी नमुने गोळा करत ते हिंदुस्थानात हिंडले होते. यमुनेच्या बाजूला सुसरी आणि दक्षिणेत अण्णामलईच्या रानात हत्ती व वाघ त्यांनी मारले होते. तो माणूस पुढे पार बदलला. १९१३ साली नाहीशा होत चाललेल्या वन्यजीवांवर त्यांनी जे पुस्तक लिहिले त्यात या स्वयंचलित बंदुकांवर त्यांनी आग पाखडली. पेनसिल्व्हेनिया राज्याने तर १९०७ सालीच या बंदुकीने शिकार करण्यावर बंदी घातली होती. उलट १९११ साली बंदूक व काडतुसांच्या कारखानदारांनी पक्षिरक्षण करणाऱ्या ऑडुबॉन संस्थेला वर्षाला २५ हजार डॉलर देऊ केले. त्यावर एवढा गवगवा झाला की संस्थेला ते परत करावे लागले. कारखानदारांचा यात स्वार्थ होता हे उघड आहे. पण पक्षी संपले तर काडतुसे कोण घेणार, हे त्यांना इतरांच्या आधी कळले होते एवढे श्रेय त्यांना द्यावे असे मला वाटते.

१ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात प्रवासी कबुतरांची शेवटची मादी मेली. एकेकाळी ज्यांच्या थव्याने सूर्य झाकला जाई त्या जातीतले हे शेवटचे पाखरू. ती गेली आणि लोक हादरले. १९१६ साली कॅनडाच्या वतीने ब्रिटनशी स्थलांतरी पक्ष्यांचा करार झाला, १९१८ साली त्याचा कायदा झाला, आणि रानबदके विकण्याचा धंदा एकदाचा बंद पडला. मिसूरी राज्याने भांडण काढले की आमच्या राज्यातले पक्षी आमचे, दिल्लीने, म्हणजे वॉशिंग्टनने, लक्ष घालू नये. १९२० साली सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती होम्स यांनी ते फेटाळले. जे पाखरू काल राज्यात नव्हते आणि उद्या हजार मैलांवर असेल ते एका राज्याच्या मालकीचे कसे म्हणावयाचे, असा त्यांच्या निकालाचा रोख होता.

धंदा बंद झाला, तरी बदके वाढेनात. १९३०च्या दशकात मधल्या सपाट प्रदेशात वर्षामागून वर्ष दुष्काळ पडला. डाकोटा राज्यांत आणि कॅनडाच्या गवताळ मुलखात हिमयुगापासून राहिलेली हजारो डबकी आहेत. अमेरिकेतली बदके तेथे अंडी घालतात. ती डबकी आटली, उरलेली शेतकऱ्यांनी चर काढून सुकवली. या वेळी रूझवेल्टसाहेबांनी एक मोठी विलक्षण नेमणूक केली. त्यांच्यावर रोज टीका करणारा, विरोधी पक्षाचा, आयोवातील एका वृत्तपत्राचा व्यंगचित्रकार जे नॉरवुड डार्लिंग, सही 'डिंग'. त्याला मार्च १९३४ मध्ये वन्यजीव खात्याचा प्रमुख केला. डार्लिंग स्वतः बदकांचा हाडाचा शिकारी. खुर्चीवर तो जेमतेम वीस महिने टिकला, पण तेवढ्यात सगळ्या शिकाऱ्यांच्या शिव्या खाऊन बसला.

बदकांच्या प्रत्येक शिकाऱ्याने दरवर्षी एक डॉलरचे तिकीट घ्यावे, आणि त्या पैशातून पाणथळ जमिनी राखाव्यात, असा कायदा १९३४ साली झाला. पहिल्या तिकिटावरचे, पाण्यावर उतरणाऱ्या बदकांच्या जोडीचे चित्र खुद्द डार्लिंगनेच घाईघाईत काढून दिले. पहिल्या वर्षी ६ लाख ३५ हजार तिकिटे खपली. आज त्याची किंमत २५ डॉलर आहे. १९३५ साली त्याने खरा घाव घातला. हंगाम फक्त तीस दिवसांचा. दिवसाला दहाच बदके. पाण्यात बुडवलेली पेटी बंद. दाणे टाकून बदके बोलावणे बंद. पाळीव जिवंत बदके बांधून रानातल्यांना फसवणे बंद. आणि बंदूक? बंदूक कोणतीही वापरा, कुबडी वापरा, दांड्याची वापरा, पण तीत तीनच काडतुसे मावली पाहिजेत. जादा जागा अशा एकसंध काडीने बंद करा की बंदूक खोलल्यावाचून ती निघू नये.

ही ती काडी.

मला तिचे कौतुक वाटते ते असे. हॉर्नाडेंचे म्हणणे होते की यंत्रच मोडा. कारखानदारांचे म्हणणे होते की यंत्राला हात लावू नका. डार्लिंगने यंत्र तसेच ठेवले आणि त्याची हाव तेवढी कापली. दोनच का नाहीत आणि चार का नाहीत, यालाही अर्थ आहे. पहिल्या दोन बारांत बदक पडते किंवा जखमी होते. जखमी बदक पाण्यात बुडी मारून बोरूच्या बेटात शिरते आणि तेथे चार दिवस झुरून मरते. ते हाती न लागल्याने त्या दिवसाच्या हिशेबातही धरले जात नाही. तिसरे काडतूस खरे म्हणजे त्या जखमी बदकासाठी. चांगले शिकारी आजही ते तसेच राखतात असे ऐकतो. चौथे आणि पाचवे थव्यावर सैरावैरा झाडण्यासाठीच. याची जाण शिकाऱ्यांना आधीपासून असावी, कारण कायदा येण्याच्या काही वर्षे आधीच रेमिंग्टनने याच बंदुकीची तीन बारांची आवृत्ती 'स्पोर्ट्समन' या नावाने विकायला काढली होती.

सगळा दोष यंत्राचा, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी एक घरचा दाखला देतो. डार्लिंगच्या नियमांनंतर तीनच वर्षांनी, १२ नोव्हेंबर १९३८ रोजी, राजस्थानात भरतपूरच्या तळ्यावर व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्यासाठी शिकार झाली. बंदुका ३९. दिवसाअखेर पडलेले पक्षी ४२७३. हा आकडा तेथील दगडावर कोरलेला आहे, वाटेल त्याने जाऊन वाचावा. त्या काळी आपल्याकडच्या अशा मेजवानीच्या शिकारीत चाल होती ती जोडनळीच्या बंदुकीची. स्वयंचलित बंदूक बड्या इंग्रजांना अडाणीपणाची वाटे. पण साहेबाच्या मागे दुसरी भरलेली बंदूक घेऊन माणूस उभा असला की दोन नळ्यांचेही काम कमी पडत नाही. मर्यादेची काडी तेथे कोणाच्याच मनात नव्हती. आणि योगायोग पाहा, त्याच दिवशी मुंबईच्या सलीम अलींना ४२ वर्षे पूर्ण झाली. याच भरतपुरात पुढे त्यांनी हजारो पाखरांच्या पायांत कड्या घालून त्यांना पुन्हा सोडून दिले. १९८२ साली ते राष्ट्रीय उद्यान झाले, १९८५ साली जागतिक वारसा. पुढे वन्यजीव कायद्यामुळे आपल्याकडे बदकांच्या बंदुकीचा प्रश्नच उरला नाही. अमेरिकेने दुसरी वाट धरली. ती आपल्याला रुचो न रुचो, तिकडच्या पाणथळींना शिकाऱ्याच्या तिकिटाचा पैसा पोचतो हे खरे आहे, आणि १९३७ पासून बंदुका व काडतुसांवरचा ११ टक्के करही वन्यजीवांकडे जातो.

काडीच्या कायद्यालाही एक अपवाद निघाला. उत्तरेकडचे पांढरे कादंब शेतांतल्या सांडलेल्या धान्यावर इतके माजले की हडसन उपसागराच्या काठची कुरणे त्यांनी मुळासकट खाऊन उजाड केली. तेव्हा १९९९ पासून, इतर पाणपक्ष्यांचा हंगाम संपल्यावर, केवळ या कादंबांसाठी काडी काढून ठेवण्याची मुभा मिळाली. सरकारनेच पाच बार झाडा म्हणून सांगण्याची पाळी यावी, हे डार्लिंगला दिसते तर त्याने त्यावर फर्मास चित्र काढले असते.

आता माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येतो. आजच्या दुकानात ज्या पन्नास तऱ्हा आहेत त्यांची फोड बारूदखान्यापेक्षा बदकाच्या पोटात सापडते. बदके दाणा दळण्यासाठी खडे गिळतात. तळ्याच्या तळाशी वर्षानुवर्षे पडलेले शिशाचे छरे त्यांना खड्यांसारखेच वाटत. ते पोटात झिजून विष भिनते, आणि असे बदक खाणारा गरुडही मरतो. १९८०च्या दशकात टप्प्याटप्प्याने आणि १९९१ साली साऱ्या देशभर पाणपक्ष्यांसाठी शिसे बंद झाले, पोलाद आले. पोलाद शिशाहून बरेच हलके, तेव्हा छरे मोठे हवेत, वेग जास्त हवा, दारू जास्त हवी. १९८८ साली साडेतीन इंच लांबीचे काडतूस निघाले. ते साध्या बंदुकीतून उडवले तर दुपारपर्यंत खांदा काळानिळा होतो. म्हणून धक्क्याचा काही भाग यंत्रात जिरवणारी अर्धस्वयंचलित बंदूक बदकवाल्यांना जास्तच हवीशी झाली.

ब्राउनिंगची मागेपुढे जाणारी नळी तोवर जुनी झाली होती. तिच्या दोन वारसदारांत आज निवड करावी लागते. पहिली वायूवर चालणारी. नळीला बारीक भोक असते, तेथून तप्त वायू येऊन दट्ट्या ढकलतो. १९६३ सालच्या रेमिंग्टन ११०० या बंदुकीने ही पद्धत घरोघर नेली. धक्का मऊ, पण धुराची काजळी आत साचते. ती पुसली नाही, किंवा कडाक्याच्या थंडीत तेल घट्ट झाले, की यंत्र रुसते. दुसरी इटलीतली. पेझारो गावी एका विधवा आईने सहा मुलांसाठी १९११ साली गॅरेज काढले, त्यातून बेनेली मोटारसायकली निघाल्या. त्याच घराण्याने १९६७ साली उर्बिनो येथे बंदुकांचा कारखाना घातला. ब्रुनो चिवोलानी या कल्पक माणसाची युक्ती त्यांनी घेतली. एसटीने हिसका देऊन गाडी सोडली की उभा उतारू मागे पडतो ना? तसेच बार झाला की सगळी बंदूक झटक्याने मागे येते आणि आतला जड बोल्ट जागीच राहू पाहतो. मधली स्प्रिंग दबते, आणि ती उलगडताना पुढचे सारे काम करते. भोक नाही, दट्ट्या नाही, काजळी नळीतच राहते. चिखल, बर्फ, बोरूचा भुसा यांत ती कमी अडते. मात्र धक्का जास्त देते, आणि बंदूक खांद्याला घट्ट धरली नाही किंवा काडतूस फार हलके असले तर मधेच थांबते.

मी त्याला लिहिले ते थोडक्यात असे. बारा बोअर घे; एक रतल शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत बसेल ती बारा बोअर, आणि पोलादी छरे पुरेसे मावण्यास ती बरी. साडेतीन इंचांच्या मोहात पडू नको, तीन इंचांचे काडतूस बदकाला पुरते. बंदूक दुकानात खांद्याला लावून पाहताना हिवाळ्यातला जाड कोट घालून जा. सदऱ्यावर मापात बसणारा दस्ता कोटावर दोन बोटे लांब होतो. आणि तू डावरा आहेस. हे मला पक्के आठवत होते, कारण त्याच्या वहीत शाईचा हात प्रत्येक ओळीवरून फिरलेला असे. उजव्यांच्या बंदुकीतून रिकामे काडतूस उजवीकडे उडते, म्हणजे डावऱ्याच्या नाकासमोरून. डावऱ्यांसाठी वेगळी घडण मिळते, ती माग. काडी मात्र काढू नकोस, असेही लिहिले, त्यावर त्याने उत्तर पाठवले, "सर, ती काढून हिंडलो तर वॉर्डन मलाच काढील."

त्याने डावऱ्यांची, धक्क्यावर चालणारी घेतली. शेजारच्या आजोबांकडे त्यांच्या वडिलांची बेल्जियममध्ये घडलेली कुबडी आहे. तिच्या नळीतून पोलादी छरे उडवू नयेत असे खुद्द कंपनीच सांगते, म्हणून एरवी ती भिंतीवर असते. बिस्मथ धातूचे छरे विषारी नाहीत आणि जुन्या नळीला सोसतात, पण महाग पडतात. आजोबा हंगामाच्या सुरुवातीला त्यांची एकच पेटी आणतात. पहाटे लपणात बसल्यावर तीन काडतुसे भरतात, पुढचे लाकूड हाताने चाचपून पाहतात, आणि कडी भारी काडतुसाच्या बाजूला आहे ना, एवढे शेजाऱ्याला आठवणीने विचारतात.